नर्सबाईचं ऑपरेशन फेल

९ जुलै १९८६

या गावात बोलण्यासारखं एकही माणूस नाही, म्हणून लिहिते. पोंभुर्ण्यापासून आत, जंगलाच्या कडेला दोन खोल्यांचं उपकेंद्र. एक टेबल, एक वजनकाटा आणि बायनाबाई. बायनाबाई माझी मदतनीस. तिला झाडू मारायला सांगितलं की चहा मांडते आणि चहा सांगितला की झाडू शोधत बसते. बाळंतपणात मात्र तिचा हात चांगला आहे, एवढं मान्य करावं लागतं.

त्याच बायनाबाईपुढे आज माझी पुरती शोभा झाली. कमलाचं बाळंतपण होतं, चौथं. बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि माझ्याच पोटात अशी कळ उठली की मी भिंत धरून खाली बसले. बाळ बायनाबाईनं झेललं. कमला तशा अवस्थेत मान वळवून मला विचारते, "का झालं वो नर्सबाई?" बाळंतिणीनं नर्सची चौकशी करायची! मी तिच्यावर ओरडले, "तू तुझं बघ."

मग तिचं रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, माझं दुखणं दातांत धरलं. थांबलं एकदाचं, पण ती पांढरीफटक पडली होती. पाचवं झालं तर ही बाई वाचायची नाही. तसं तोंडावर सांगितलं. उन्हाळ्याआधीच्या कॅम्पला मूल बंद करायचं ऑपरेशन करून घेईन म्हणाली. यांचं 'घेईन' मला माहीत आहे. तरी हिला मी ओढून नेणार.

२३ जुलै

नागपूरला जाऊन आले. मशीननं पोटाचा आतला फोटो काढतात, ते नवीन निघालंय, ते केलं. दोन्ही बीजकोशांवर गाठी आहेत. जुनं रक्त साचून झालेल्या. इतकी वर्षं पाळीत मी गुरासारखी लोळायचे ते यामुळे.

पोट माझं, पण डॉक्टरीणबाई बोलत होत्या यजमानांशी. "मिसेसना आराम द्या. मिसेसना समजावून सांगा." मी म्हटलं, मी नर्स आहे. "हो का, छान," म्हणाल्या आणि परत त्यांच्याकडे वळल्या. आमचे यजमान, खुशालराव दुर्गे, एस.टी.चे कंडक्टर. ते आपले खाकी पँटवर हात ठेवून "हो जी, हो जी" करत बसले.

तर प्रकार असा आहे. एक मार्ग म्हणजे दोन्ही बीजकोश आणि पिशवी काढून टाकायची. दुखणं मुळासकट जाईल, पण पाळी त्याच दिवशी बंद आणि म्हातारपण छत्तिसाव्या वर्षी दारात. दुसरा मार्ग म्हणजे डाव्या बीजकोशाचा तुकडा आणि पिशवी ठेवायची. मग मुलाची थोडी आशा राहते, पण गाठ पुन्हा धरणार आणि पोट पुन्हा उघडावं लागणार.

परतीच्या गाडीत वरोरा आल्यावर कंडक्टर म्हणाले, "तरास तुले होते. तूच ठरव." संपलं. दुसऱ्याच्या गळ्यात निर्णय घालायचा आणि वर मान दिल्याचा आव आणायचा! चौदा वर्षांत या माणसानं कधी माझ्याशी धड भांडणसुद्धा केलेलं नाही.

२७ जुलै

सासूबाईंना कळलं. मी सांगितलं नाही, म्हणजे त्यांच्या लेकानं सांगितलं असणार. सकाळपासून माझ्यामागे.

"दोन हायेत ना वो? एक काढ, एक ठेव."

म्हटलं, "वांगी आहेत का निवडायला?"

"करुणाले भाऊ नको का? पोरगी काय, उद्या जाईन लोकाच्या घरी."

करुणा माझी एकुलती एक. चंद्रपूरला माझ्या भावाकडे राहून सातवीत शिकते, वर्गात पहिली असते. तिला भाऊ कशाला पाहिजे, गणितं सोडवायला? हे मी बोलले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडण्याचे यांना कधी श्रम म्हणून पडतच नाहीत. तेवढ्यात कंडक्टर बाहेरून आले आणि आईला म्हणाले, "तू चूप बस, बाई. तिचं पोट हाय." आणि सायकल पुसायला निघून गेले. बोलले तर अर्धंच बोलले.

३ ऑगस्ट

खरं लिहायचं तर लिहिते, वही कुठे गावभर सांगत फिरणार आहे.

परवा एका घरी मुलगा झाला. नाळ बांधली, पुसलं, गुंडाळलं. आईच्या कुशीत द्यायचा तो दिला नाही, थोडा वेळ धरून बसले. बायनाबाई बघत होती. मी म्हटलं, श्वास बघतेय. तिनं मान हलवली. ती खोटं ओळखते आणि बोलत नाही. अशा माणसाचा मला राग येतो.

मला मुलगा हवा आहे का? दहा वर्षं मी घरोघर सांगत फिरते, एक किंवा दोन बस. त्यातलं माझ्या मनात किती उतरलंय, कोण जाणे. तुकडा ठेवला तर? तुकड्याच्या भरवशावर पाच वर्षं अशीच भिंती धरून बसणार का मी?

१९ ऑगस्ट

ठरलं. सगळं काढायचं.

आज लसीचा डबा घेऊन शेतांमधून चालले होते. रोवणी चालू आहे, बायका चिखलात ओळीनं वाकलेल्या. मधेच कळ आली आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवी झाले, डबा एकीकडे नि मी एकीकडे. सगळ्या बायका रोपं टाकून धावत आल्या. पुढे कोण, तर रुखमाबाई. पन्नाशीची, मोठ्या कास्तकाराच्या घरची, गावात सगळ्यात लांब जीभ तिची. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, चिखलाच्या हातानं पाणी पाजलं आणि म्हणते, "बिचारी वो माय. दुसऱ्याइचे पोट पायते अन् सोताच्या पोटाले कोनी नाई."

बिचारी. मला.

दुखणं सोसवतं. रुखमाबाईची कीव सोसवत नाही. घरी येऊन कंडक्टरांना सांगितलं, दोन्ही काढायचे, तारीख घ्या. "बरं," म्हणाले. जेवले नाहीत. मुलगा नाही होणार म्हणून त्यांचं पोट भरलं असेल.

११ सप्टेंबर

नागपूर. उद्या. सही केली. माझी सही झाल्यावर त्यांनी नवऱ्याचीही सही मागितली. पोट माझं, गाठी माझ्या, दुखणं माझं, आणि परवानगी कंडक्टरांची! सही करण्याआधी त्यांनी तो कागद तीनदा वाचला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला नाही कापणार."

२८ सप्टेंबर

घरी आले. टाके काढले. आत काही नाही, असं म्हणतात. बाहेरून सगळं आहे तसंच आहे.

गाव भेटीला आलं. अर्थात रुखमाबाई पुढे.

"कायचं आपरेशन केलं वो नर्सबाई?"

मी खोटं बोलले. "तुम्हाला सांगते तेच."

"बाप्पा! एका पोरीवर?"

"हो. एका पोरीवर."

काय तोंडं झाली एकेकीची! दहा वर्षं मी यांना सांगतेय आणि या म्हणतात, तुमाले सांगाले का लागते. घ्या आता. कीव करायला आल्या होत्या, तोंडात बोट घालून गेल्या. मला फार बरं वाटलं. बायनाबाईनं तेवढं जखम पुसताना विचारलं, "टाका लयच मोठा हाय जी. आमचा तं बोटभर होता." म्हटलं, माझं पोट मोठं आहे.

१४ ऑक्टोबर

ऊन फार. पाऊस संपल्यावर हे असंच होतं. छातीपासून वर काहीतरी चढतं, तोंड तापतं, कानशिलं पेटतात आणि मग पाण्यानं ब्लाउज भिजतो. बाकी कुणाला एवढं होत नाही, कारण बाकीचे अंगात काही नसल्यासारखे सावलीत बसलेले असतात आणि काम मी करते.

आरोग्य केंद्रातले साहेब येऊन गेले. साहेब म्हणजे आमचे मेडिकल ऑफिसर, वय तीस, टार्गेट सोडून दुसरा शब्द येत नाही. त्यांच्याही कानावर गेलंय. "सिस्टर, एका मुलीवर! आदर्श! जिल्ह्यात असं उदाहरण नाही." माझ्या रजेच्या कागदाला पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्याचा दाखला जोडलाय. तो वाचला असता तर कळलं असतं. पण वाचायला अक्कल आणि सवड दोन्ही लागतात. आदर्श तर आदर्श.

२ नोव्हेंबर

आजपासून गोळी. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर थांबून सुरू करायला सांगितली होती. पाकीट हुबेहूब आपल्या सरकारी पाळणा लांबवायच्या पाकिटासारखं, चंदेरी पत्र्यात ओळीनं गोळ्या. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस सोडायची, पुन्हा सुरू. दर सहा महिन्यांनी बीपी आणि छाती तपासायची. किती वर्षं घ्यायची, ते अजून कुणी नक्की सांगत नाही. नाही घेतली तर हाडं ठिसूळ होतात, अंग पेटतं, झोप उडते, डोकं फिरतं.

यातलं डॉक्टरीणबाईंनी मला काहीच सांगितलं नव्हतं. हे सगळं कंडक्टरांनी सांगितलं, पाठ केल्यासारखं. मी टाके घालून पडले होते तेव्हा ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर दोन तास उभे राहिले म्हणे. माझ्या शरीराची माहिती मला तिकीट फाडणाऱ्याकडून मिळते. चंद्रपूरला गोळी मिळत नाही, तर नागपूरच्या गाडीवरच्या मित्राकरवी मागवतात. मिरवायला एक काम मिळालं त्यांना.

३० नोव्हेंबर

अंग तापत नाही. झोप लागते. काल सासूबाईंशी बोलताना एकदाही आवाज चढला नाही. त्यांनी मला दोनदा वळून पाहिलं. ऊन कमी झालं म्हणून असेल. बरं, गोळीनं असेल. काम करणाऱ्या गोष्टीला मी नावं ठेवत नाही, तशा गोष्टी फार नाहीत म्हणून.

१९ डिसेंबर

या गावच्या मूर्खपणाला तळ नाही.

मी गोळी सकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर चहाबरोबर घेते. लपवायचं काय त्यात? धान कापणीवरून येता-जाता बायका बघत होत्या. पाकीट त्यांच्या ओळखीचं, कारण मीच ते वाटते. तर आता गावभर झालंय की नर्सबाईचं ऑपरेशन फेल झालं! ऑपरेशन करूनही नर्सबाई गोळ्या खाते, म्हणजे नर्सबाईलाच ऑपरेशनचा भरवसा नाही!

बायनाबाईनं सांगितलं. म्हणे, रुखमाबाईच्या अंगणात बोलणं झालं, ज्या बायकांची मी आजवर ऑपरेशनं करून आणली त्या घाबरल्यात, नवऱ्याला जवळ येऊ देत नाहीत. मी हसले. मग हसू थांबलं. कारण बरोबर आहे त्यांचं. माझ्या खोट्याला धरून चाललं तर त्यांचा हिशोब अगदी बरोबर आहे.

"सांगून द्या ना जी, खरं का हाय थे," बायनाबाई म्हणाली.

काय सांगू? की मला आतून पोखरून काढलंय? की दोन्ही काढले, आता मी बाईही नाही नि म्हातारीही नाही, गोळीवर चालणारं यंत्र आहे? रुखमाबाईचं ते 'बिचारी वो माय' पुन्हा ऐकून घेऊ?

२ जानेवारी १९८७

गोळी बंद केली. एवढासा पत्र्याचा तुकडा आणि सगळा गाव त्याच्याकडे बघणार. घरात घेतली असती, पण घरात सासूबाई आहेत, सासूबाईंना तोंड आहे आणि त्या तोंडाला अंगण आहे. शिवाय शिक्षण घेतलेल्या बाईला गोळीची गरज पडावी, हेच मला पटत नाही. मनाचा निग्रह म्हणून काही असतो.

१६ जानेवारी

सगळं गाव बिघडलंय. बायनाबाई दार आपटते. सासूबाई मुद्दाम भांडी वाजवतात. काल लसीच्या दिवशी एक पोरगी रडली आणि मी तिच्या आईला बोलले, ती पोर घेऊन निघून गेली. लस राहिली. लोकांची अशी कशी मनं पातळ झालीत कळत नाही.

थंडी कडाक्याची आहे, पाणी हातात धरवत नाही. आणि मी पहाटे अंगणात पदर टाकून वारा घेत उभी. गुडघे धरलेत. रेडिओवर शेतीच्या बातम्या चालू होत्या, तुरीचे भाव, आणि मला रडू आलं. तुरीच्या भावाला!

जेवायला बसले की ताटाच्या कडेला गोळी असते. कंडक्टर ठेवतात, बोलत काही नाहीत. मी ती अंगणात फेकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा असते. हट्टी माणूस. एवढा हट्ट बढतीसाठी केला असता तर आज ट्रॅफिक कंट्रोलर झाले असते.

२६ जानेवारी

आज आरोग्य केंद्रात झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शाल-श्रीफळ. साहेबांचं भाषण अर्धा तास. "फक्त एका मुलीवर स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या आमच्या आदर्श सिस्टर!" समोर गावोगावच्या बायका ट्रॅक्टरनं आणून बसवलेल्या. शाल खांद्यावर पडली आणि त्याच क्षणी ते छातीपासून चढलं. तोंड लाल, कपाळावरून पाणी, मानेवरून पाणी. शाल काढता येईना, साहेब फोटोवाल्यासाठी धरून उभे. समोरून कुणीतरी म्हणालं, "पाय वो, नर्सबाई रडून राह्यली." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्या सगळ्यांचा तिरस्कार करत उभी होते. साहेबांचा, फोटोवाल्याचा, टाळ्यांचा. आणि शालीच्या आत जी उभी होती तिचा तर सगळ्यात जास्त.

५ फेब्रुवारी

एकोणीस तारखेला कॅम्प आणि माझ्या गावातून एक केस नाही. दरवर्षी सात-आठ असायच्या. साहेब म्हणतात, "सिस्टर, तुमच्याच गावात? सत्कार झाल्यावर?"

कंडक्टर आज पहिल्यांदा बोलले. गोळी मी फेकायला घेतली तर त्यांनी माझं मनगट धरलं. "लोकाइच्या तोंडासाठी तू जळून राह्यली. मले दिसते थे. मी का आंधळा हाव?" मी म्हटलं, सोडा. सोडलं. बाहेर गेले आणि अंधारात अंगणात वाकून फेकलेल्या गोळ्या शोधत राहिले, सासूबाई विचारत होत्या काय हरवलं म्हणून. मिळाली असती तरी मातीतली गोळी काय कामाची? पण हे त्यांच्या डोक्यात यायला वेळ लागतो.

११ फेब्रुवारी

कमलाकडे गेले. म्हटलं, चल, नाव लिहिते, कॅम्पला जायचंय. मांडीवर पोर, डोळे अजून पांढरेच. म्हणते, "नाई येत मी, नर्सबाई."

"का नाही? गेल्या वेळी मरता मरता वाचलीस."

"तुमचं बी फेलच झालं ना जी? आपरेशन करून बी तुमी गोळ्या खात होत्या. माह्या घरचा म्हनते, पोट बी फाडा अन् गोळ्या बी खा, मंग फाडता काऊन? अन् तुमी तं आता गोळ्या बी सोडल्या. तुमाले देखून भेव वाट्टे वो. तुमचं तोंड पाहा आरशात."

"पुन्हा दिवस गेले तर?"

ती पोराचं अंगडं ओढत खाली बघून म्हणाली, "गेले. असं वाट्टे. पाळी चुकली."

मी तपासलं. नाहीत. अंगात रक्त नाही म्हणून पाळी लांबली असावी. तिला सांगितलं, नाहीत. ती पोराला छातीशी धरून रडत बसली. तो महिना ती माझ्याकडे यायला भिऊन एकटीच मरणाची वाट बघत बसली होती, कारण मी धुऱ्यावर पडून 'बिचारी' व्हायला तयार नव्हते.

घरी येऊन आरसा पाहिला. कमला बरोबर बोलली.

१३ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

रुखमाबाईच्या अंगणात बायका लाखोरीच्या शेंगा झोडपत बसल्या होत्या. अफवा जिथे जन्मली तिथेच गेले, कमलाला हाताला धरून. सगळ्यांनी माना वर केल्या. माझं शुद्ध मराठी कुठे पळालं कोण जाणे.

"ऐका वो. मी तुमाले खोटं सांगतलं. माह्यं थे आपरेशन झालंच नाई. थे ना फेल झालं ना पास. माह्या पोटात गाठी होत्या. पिशवी काढली, दोन्ही बीजकोश काढले. मले आता काईच होनार नाई, पोरगा नाई, पाळी नाई. तुमच्या आपरेशनमधी फक्त नळी बांधते, बाकी सारं जाग्यावर राह्यते. तुमाले गोळी नाई लागत. कमले, तुले बी नाई लागनार."

"मंग थे गोळी कायची?" रुखमाबाईनं विचारलं.

सांगितलं. बीजकोशातून रस सुटतो, त्यावर बाईचं शरीर चालतं. वयानं तो हळूहळू आटतो. माझा एका दिवसात बंद केला. म्हणून छातीपासून आग चढते, घाम सुटतो, झोप नाही, गुडघे धरतात, उगाच रडू येतं, उगाच माणूस खायला उठतं. त्या रसाच्या जागी ती गोळी. मी ती तुमच्या तोंडाला भिऊन सोडली, म्हणून अशी झाले.

बोलून उभी राहिले आणि कीव यायची वाट बघू लागले. आता म्हणेल, बिचारी वो माय.

रुखमाबाईनं काठी बाजूला ठेवली. "आग म्हंजे कशी? इथून?" तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "अन् वरत जाते? कानापोतर?"

"हो."

"थंडीत बी?"

"थंडीतही."

"मले सा वर्स झाले वो." तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "मी पहाटे नहानीत जाऊन बसतो, थंड पान्याच्या बालटीत पाय टाकून. सुनेले मालूम नाई. मले वाटे कोनी करनी केली. पोंभुर्ण्याच्या मांत्रिकाकडून धागा बांधून आनला, पाहा." तिनं पदर सारून दंड दाखवला.

"मले बी होते," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक. एकीला दोन वर्षं झोप नाही. एकीनं नवऱ्याला विळा फेकून मारला होता आणि का मारला ते तिलाच कळलं नव्हतं.

"मंग आमाले काऊन नाई देल्ली थे गोळी?" रुखमाबाई.

म्हटलं, तशी देता येत नाही. माझी पिशवी काढलीय म्हणून मला ही एकटी चालते, तुमची पिशवी जागेवर आहे, आधी तपासावं लागतं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. शेंगा चाचपत म्हणाली, "दर मयन्याले तुमी यायच्या. पाळी आली का, दिवस हायेत का, आपरेशन करता का. माह्यी पाळी गेली त्या सालापासून तुमी माह्या दारात नाई आल्या, नर्सबाई. आमचं पोट बंद झालं का तुमचं काम संपलं."

या बाईला मी दहा वर्षं मूर्ख म्हणत आलेय.

संध्याकाळी कंडक्टरांना सगळं सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. कंदिलाची काच पुसत म्हणतात, "पिशवी असन तं संग दुसरी एक गोळी द्या लागते, असं म्हनत होती नागपूरची डॉक्टरीन. अन् आधी तपासनी." मी विचारलं, हे तुम्ही कशाला विचारलंत? "उगाच. तू काई इचारून नाई राह्यली होती, म्हनून सारंच इचारून घेतलं."

गोळी घेतली. दारात, कंदिलाच्या उजेडात, रस्त्यावरून जाणाऱ्यांनी बघावं अशी. खुशालनं पाण्याचा गिलास धरला होता.

१९ फेब्रुवारी

कॅम्प. गावातून कमला आणि आणखी तीन. कमलाचं झालं, बरी आहे, शुद्धीवर आल्याबरोबर पोराला प्यायला मागितलं.

केस चार, पण ट्रॅक्टरमधून उतरल्या अकरा बायका. रुखमाबाई सगळ्यात पुढे, इरकली लुगडं नेसून, लग्नाला आल्यासारखी. साहेब बाहेर आले, हातात घड्याळ. "सिस्टर, या म्हाताऱ्या कशाला आणल्या? या टार्गेटमध्ये बसत नाहीत."

"मीही बसत नाही, साहेब," मी म्हटलं. "माझं ते ऑपरेशन झालंच नाही. पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढलेत. तुम्ही माझा दाखला वाचला नाही आणि मी सांगितलं नाही. शाल परत पाठवते."

नागपूरहून शस्त्रक्रियेसाठी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. या दुसऱ्याच, तरुण. त्यांना म्हटलं, तुमच्या केस संपल्यावर या सातजणींना तपासायचंय, बीपी मी घेऊन ठेवते. विचारायचं ते त्यांनाच विचारा, बरोबर कुणाचे नवरे आलेले नाहीत.

"जागा नाही, सिस्टर," साहेब म्हणाले.

ड्रेसिंगची खोली रिकामी होती. रुखमाबाई दारात अडखळली, एवढ्या वर्षांत कुणी तिला आत बोलावलं नव्हतं. "मी का सांगू वो आत जाऊन?" ती कुजबुजली. म्हटलं, अंगणात सांगितलं तेच. तिचा हात धरून आत नेलं आणि साहेब बोलत होते तरी दार लावून घेतलं.